बकरी शेवटी येते

जुनं ते सोनं, असं ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याने जुने पिक्चर पाहिलेले नसणार. मी पाहिलेत. बहुतेक जुने पिक्चर टाकाऊ असतात, आणि जे आज कुणाला आठवतसुद्धा नाहीत ते तर हमखास टाकाऊ असतात. तरी मी तेच बघतो. का बघतो, हे सुनीती लग्न झाल्यापासून विचारते आहे आणि मला अजून धड उत्तर देता आलेलं नाही.

माझं नाव नंदकिशोर. नवी मुंबईत पावण्याच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी केली, निवृत्त झालो, घणसोलीत राहतो. विसरल्या गेलेल्या मराठी पिक्चरांचा फेसबुकवर एक ग्रुप आहे, तो मी चालवतो. पूर्वी तिथे मस्त भांडणं व्हायची. एका बाईंनी मला ‘आपण सिनेमा बघता की पंचनामा करता’ असं विचारलं होतं, आणि मी खूश झालो होतो. आता भांडणारे काही गेले, काहींची मुलं त्यांना फोन हातात देत नाहीत. मी एखाद्या पिक्चरची पिसं काढतो आणि खाली कुणीतरी लिहितं, ‘सुंदर आठवण, सर’ आणि हात जोडल्याचं चित्र. अहो, शिव्या दिल्यात मी! कशाची सुंदर आठवण? पण उत्तर द्यायचाही कंटाळा येतो. मीही अंगठा देतो आणि लॅपटॉप बंद करतो.

तरी मतं काही थांबत नाहीत, खोकल्यासारखी येतच राहतात. ‘दुपारचा चोर’ नावाचा एक रहस्यपट आहे. त्यात मिशा एकट्या खुन्यालाच आहेत. पहिल्याच प्रसंगात तो मिशांना पीळ देत येतो, आणि पुढचे अडीच तास सगळं गाव त्याला शोधतं. दुसऱ्या एका भक्तिपटात देवी प्रकट होते तेव्हा तिच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा स्पष्ट दिसतो. घड्याळ काढलं, पण उन्हाने रापलेल्या हाताचं काय करणार? मला ती देवी आवडते. शूटिंगला उशीर होऊ नये म्हणून धावत आलेली असणार बिचारी.

माझा एकच हट्ट आहे. पिक्चर वाईट असला तरी पुरा बघायचा, आणि केला तसा बघायचा. टीव्हीवाले गाणी कापतात, कुणी काळ्यापांढऱ्याला रंग फासतं, कुणी पडदा भरावा म्हणून माणसांची डोकी उडवतं. या सगळ्यांवर मी आयुष्यभर डाफरलो आहे. आमच्या आशुतोषने लहानपणी कंटाळून एकदा पिक्चर पुढे पळवला, तर मी त्याला रिमोट परत मागे न्यायला लावला होता. तो आता पुण्यात असतो आणि पिक्चर बघतच नाही.

तर एका रविवारी सकाळी शिवाभाऊ आले.

शिवाभाऊ तळवलीचे, मूळ गावातले. आम्ही लग्नानंतर मुंबईहून इकडे आलो तेव्हा त्यांच्याच चाळीत भाड्याने राहत होतो. चाळीच्या जागी आता त्यांची चार मजली इमारत आहे आणि शिवाभाऊंच्या गळ्यात साखळी आली आहे, पण माणूस तोच. बसले, चहा बशीत ओतला, आणि बराच वेळ प्यायलाच नाहीत.

“भाऊ, एक काम हाय. तुमच्याच लाइनचं.”

“बोला की.”

“आईचे डोले चालले. काचबिंदू. डॉक्टर बोलला, आता मधलं जरासं दिसतंय, ते पन जानार. आमी बोललो, आये, काय बगायचं हाय ते सांग. काशी, तिरुपती, बोलशील तिकडं नेतो. ती काय बोलते माहीत हाय? मना तो पिक्चर बगायचा हाय.”

“कोणता?”

“नाव तिला ठाव नाय. पूजेला आनलेला.”

गावाची सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा, आणि पूजेच्या संध्याकाळी दोन बांबूंमध्ये धोतर ताणून त्यावर पिक्चर. तेव्हा गावोगाव ही पद्धत होती. मी वही न घेता, नुसता कान देऊन ऐकू लागलो. जुन्या पिक्चरची चौकशी आली की माझं सगळं दुखणं पळतं, असं सुनीती म्हणते.

“गोष्ट काय पिक्चरची?”

“एक पोरगी असते. ती मरते. पान्यात बुडून. नवरा तिला होडीतून आनतो. आनि मंग ती परत येते.”

“भूत होऊन?”

“नाय वो, चांगली येते. हसते, पानी भरते, गानी बोलते. तिचं लगीन होतं. आनि शेवटी बकरी मुंडावल्या खाते.”

बकरी म्हटल्यावर माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. मुंडावळ्या खाणारी बकरी अख्ख्या मराठी पडद्यावर एकच आहे, आणि तिच्याबद्दल माझं मत अत्यंत वाईट आहे.

“‘जुईचा मांडव’!” मी जवळजवळ ओरडलो. “माझ्याकडे आहे तो! पण शिवाभाऊ, आईंच्या आठवणीत गल्लत झाली आहे. बकरी शेवटी नाही, मध्यावर आहे, मध्यंतराच्या आधी. पहिल्या भागात जुईचं बालपण, चेष्टामस्करी, लग्न. दुसऱ्या भागात सासर आणि नदीचा पूर. जुई मरते ती शेवटी. परत येत नाही.”

शिवाभाऊंनी मान हलवली. “गल्लत नाय. आमच्या गावान तसाच दाखवला.”

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी पोट धरून हसलो. त्या वर्षी तळवलीची आणि शेजारच्या गावाची पूजा एकाच दिवशी आली. मशीनवाल्याने दोन्हीकडे होकार दिला होता, मशीनंही दोन होती, पण पिक्चर एकच. त्याने तोड काढली की आधी एका गावाने बघायचा, मग रिळांचे डबे सायकलवरून दुसऱ्या गावात न्यायचे. आधी कोण, यावरून दोन्ही गावं हमरीतुमरीवर आली. शेवटी डब्यांची वाटणी झाली. पहिला अर्धा तिकडे गेला, दुसरा अर्धा इकडे. आणि तळवलीच्या जुन्या पंचांनी हुकूम सोडला, “आमी कुनाचे मागून बगनार नाय. हाय तो डबा लावा.” डबा लागला. अर्ध्यावर डब्यांची अदलाबदल झाली आणि मग सुरुवात दाखवली गेली. अख्ख्या गावाने पिक्चर शेवटाकडून सुरुवातीकडे पाहिला आणि कुणी चकार शब्द काढला नाही. नाक वर राहिलं होतं ना!

“तुमी हसता,” शिवाभाऊ म्हणाले, “पन आईचं वेगलं हाय. गोजरामावशी त्याच साली गेलेली.”

मी हसायचा थांबलो.

गोजरा ही शिवाभाऊंच्या आईची, पुतळाबाईंची, धाकटी बहीण. दोघी बहिणी एकाच घरात दिलेल्या, सख्ख्या भावांना. गोजरा वर्षाच्या आत तापाने गेली. पुतळाबाईंनी अन्न सोडलं. मिठागरावर कामाला जायच्या, परत यायच्या, आणि भिंतीला टेकून बसायच्या. कुणी बळेच घास भरवला तर ओकून टाकायच्या. शिवाभाऊ तेव्हा अंगावर पीत होते, त्यांना दूधही पुरेना. पूजेच्या दिवशी बायकांनी त्यांना दंडाला धरून पिक्चरला नेऊन बसवलं.

“पयलेच पोरगी मेली,” शिवाभाऊ म्हणाले. “आजी सांगायची, आई तवा उठून चाललेली. बायांनी धरून ठेवली. मंग डबा आला आनि ती पोरगी हसत आली. आई बसली. पिक्चर संपला, घरी आली, आनि बोलली, मना भूक लागली. जेवली. तवापासून जेवते.” त्यांनी आता थंड झालेला चहा एका घोटात संपवला. “भाऊ, तो पिक्चर लावा. पन ती परत आली पायजे.”

मी म्हटलं, बघतो.

ते गेल्यावर मी दिवसभर अस्वस्थ होतो. पिक्चर उलटा लावणं अवघड नव्हतं. फाइलचे दोन तुकडे करायचे आणि आधीचा मागे जोडायचा, आमच्या मुलीला, सईला फोन केला असता तर तिने जेवता जेवता सांगितलं असतं. पण माझा हात जाईना. ज्या माणसाने तो पिक्चर काढला त्याने आयुष्यात तेवढा एकच काढला. तो बुडाला, माणूसही कुठे गेला कुणाला ठाऊक नाही. त्याचं जगात काही शिल्लक असेल तर ते हे, आणि त्याने ते संपवलं आहे त्या होडीवर. धुक्यातून होडी येते, नवरा वल्हं मारतो, तो एकदाही मागे वळून बघत नाही, आणि ‘समाप्त’. मराठीत इतका चांगला शेवट मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे. पहिला अर्धा भाग मात्र फुसका. पाणवठ्यावरची थट्टा, जुईची फुलं, लग्न, बकरी. मी लिहिलंही होतं की एवढी मोठी शोकांतिका आपल्या सुरुवातीमुळे मेली.

“मी मूळ पिक्चर दाखवणार,” संध्याकाळी मी सुनीतीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. “त्यांनी तेव्हा पाहिली ती चूक होती. मशीनवाल्याची आणि पंचांची. एकदा तरी खरा पिक्चर बघू देत त्यांना.”

“त्यांनी मागितलाय का खरा?”

“तू समजून घे. उद्या कुणीही उठेल आणि कुठलाही पिक्चर आपल्या सोयीने फिरवेल.”

“कुणीही म्हणजे कोण? डोळे चाललेली म्हातारी?” तिने गवारीची शीर काढून बाजूला टाकली. “त्या होडीवाल्याच्या पिक्चरला हात लावायचा नाही म्हणता. मग हिच्या पिक्चरला कसा लावताय?”

“हिचा पिक्चर वेगळा नाहीच आहे!”

“बरं,” ती म्हणाली. सुनीतीच्या ‘बरं’मध्ये पूर्वी राग असायचा. आता नुसता थकवा असतो, आणि तो मला रागापेक्षा जास्त लागतो. आम्ही दोघंही हल्ली भांडण अर्ध्यावर ठेवून झोपतो.

खरं सांगायचं तर मी तरी का ताणत होतो? ग्रुपवर कुणी वाचत नव्हतं, पोरं बघत नव्हती, माझे स्वतःचे डोळेही दुसऱ्या तासाला मिटत होते. एवढं एकच माझ्याजवळ राहिलं होतं. मी पिक्चर कापत नाही. ते सोडलं तर मी नुसता एक निवृत्त माणूस, गुडघे दुखणारा. म्हणून ताणलं.

पुढच्या रविवारी चार वाजता आम्ही तळवलीला गेलो. शिवाभाऊंच्या हॉलमध्ये भिंत भरेल एवढा टीव्ही आहे. पुतळाबाईंना त्याच्या अगदी जवळ, खुर्चीवर बसवलं होतं. हिरवं नऊवारी, कपाळाला ठसठशीत गोंदण, हातात बांगड्या नाहीत. त्यांनी माझा चेहरा मधल्या उरलेल्या नजरेत आणायला मान इकडेतिकडे केली, आणि सापडल्यावर हसल्या.

“तूच का रं चालीतला? लय बारीक व्हतास.”

“हो, मीच. मावशी, पिक्चर जरा वेगळा वाटेल हां तुम्हाला. त्या वेळी डबे मागेपुढे झाले होते. हा बरोबर आहे.”

“लाव बाबा,” त्या म्हणाल्या. सुनीती त्यांच्या पायाशी सतरंजीवर बसली. शिवाभाऊ दाराला टेकून उभेच राहिले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

पेनड्राइव्ह लावला. पिक्चर सुरू झाला. पाणवठा आला, जुई घागर घेऊन धावत आली. पुतळाबाई पुढे सरकून बसल्या होत्या, पण चेहरा कोरा होता. बकरी आली, तिने नवरदेवाच्या मुंडावळ्या ओढल्या, लग्नघर हसलं. पुतळाबाई हसल्या नाहीत. पाहुणे अजून आलेले नसताना कुणी जेवायला वाढलं की माणूस जसा गोंधळतो, तसं काहीसं त्यांच्या तोंडावर होतं. मला वाटलं, दिसत नसावं.

मग मध्यंतर झालं, आणि सासर. पूर आला. पुतळाबाईंचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला. जुई पाण्यात गेली. शेवटी धुक्यातून होडी आली, नवरा मागे न बघता वल्हं मारत राहिला, आणि ‘समाप्त’.

पडदा काळा झाला. पुतळाबाई हलल्या नाहीत. दोन्ही हात मांडीवर घेऊन त्या काळ्या टीव्हीकडे बघत बसल्या. मला आधी वाटलं त्यांना धक्का बसला. मग कळलं, त्या वाट बघत होत्या. धोतराच्या पडद्यासमोर, डबा येईपर्यंत बसल्या असतील तशा.

सतरंजीवर सुनीती रडत होती. पदर तोंडात धरून, आवाज न करता. आमच्या एवढ्या संसारात माझा एकही पिक्चर बघून ती रडलेली मला आठवत नाही. पुतळाबाईंना दिसलं नसणार, पण त्यांना ऐकू आलं. त्यांनी हात खाली नेऊन चाचपडत सुनीतीचं डोकं शोधलं आणि त्यावर ठेवला.

“रडू नको गं बाय,” त्या म्हणाल्या. “आता येल ती. डबा यायला उशीर लागतो.”

शिवाभाऊ दारातून माझ्याकडे बघत होते. मला लाज वाटली. फार लाज वाटली. मी चोरासारखा रिमोट उचलला आणि पिक्चर पुन्हा पहिल्यापासून लावला.

त्याला कुठे कात्री लावावी लागली नाही, काही उलटसुलट करावं लागलं नाही. संपलेला पिक्चर नुसता परत सुरू केला. हे मला आठवडाभर सुचलं नव्हतं.

पाणवठा आला. जुई घागर घेऊन धावत आली.

“बग,” पुतळाबाई म्हणाल्या, “आली.”

मी तो प्रसंग किती वेळा पाहिला असेल ते देव जाणे. थिल्लर म्हणून मी त्याला नावं ठेवली होती. ती पोरगी हसत होती, मैत्रिणीच्या अंगावर पाणी उडवत होती, आणि मला बघवेना. आता मला ठाऊक होतं ती कुठे निघाली आहे, आणि तिला ठाऊक नव्हतं. ती उडवत होती ते पाणीसुद्धा मला नको झालं. पण पुतळाबाई निवांत टेकून बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, “गोजरा अशीच पानी उडवायची. मी मारायची तिला.” सुनीतीने डोळे पुसले आणि त्यांच्या गुडघ्याला टेकून बसली. शिवाभाऊ पहिल्यांदाच आत येऊन खाली बसले.

लग्न लागलं. बकरी आली. तिने मुंडावळ्या ओढल्या आणि खाल्ल्या, आणि पुतळाबाई हसल्या. तोंडावर हात घेऊन, खांदे हलवत, अगदी मुलीसारख्या हसल्या. ते बघून शिवाभाऊ हसले, सुनीती हसली, आणि मग मीही. या बकरीवर मी एक अख्खा परिच्छेद खर्च केला होता. मूर्ख ती बकरी नव्हती.

नवरानवरी मांडवातून बाहेर पडली, जुईच्या फुलांवर कॅमेरा थांबला, आणि पाटी आली: ‘मध्यंतर’.

पुतळाबाईंना वाचता येत नाही. “संपला,” त्या म्हणाल्या.

पुढचं सुरू व्हायच्या आत मी टीव्ही बंद केला. जन्मात पहिल्यांदा पिक्चर अर्ध्यावर तोडला, आणि तो पुरा झाला होता.

पुतळाबाई खुर्चीच्या दांड्यावर जोर देऊन उठल्या. सुनीतीने हात पुढे केला, त्यांनी तो धरला. नजर कुठे लागते ते बघत त्या क्षणभर थांबल्या आणि स्वयंपाकघराकडे वळल्या.

“चला,” त्या म्हणाल्या. “भूक लागली.”